फायरप्लेसची भिंत आणि वरचे धुराडे

सांगलीच्या हळदपेठेत आयुष्य घालविलेले एक ज्येष्ठ व्यापारी गेल्या वर्षी जूनमध्ये मुलाकडे, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एडिसन येथे गेले होते. मुलाने व सुनेने तेथे १९६०च्या सुमारास बांधलेले घर नुकतेच खरेदी केले होते. घर प्रशस्त होते; परंतु दिवाणखान्याची एक संपूर्ण भिंत लाल विटांच्या फायरप्लेसने व्यापलेली होती. काजळीने विटा काळवंडल्या होत्या आणि खोली भर दुपारीही अंधारलेली वाटे. सूनबाईंनी पांढऱ्या रंगाचे डबे आणून ठेवले होते.

अण्णांनी सर्व पाहून एकच प्रश्न केला, “वरच्या धुराड्यात काय आहे, ते कोणी पाहिले आहे का?” पोते उघडून पाहिल्याशिवाय सौदा न करण्याची त्यांची जन्माची सवय होती.

धुराड्याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी, असे अमेरिकेतील अग्निसुरक्षेचे मानक सांगते. या घरात ती झालेली नव्हती. तपासनीसाने आत कॅमेरा सोडला, तेव्हा तीन गोष्टी आढळल्या. आतील भिंतीवर क्रिओसोट नावाचा, डांबरासारखा ज्वालाग्राही थर साचला होता. मातीच्या नळ्यांच्या अस्तराला तडे गेले होते. अशा तड्यांतून उष्णता घराच्या लाकडी सांगाड्यापर्यंत आणि रंगहीन, गंधहीन असा विषारी कार्बन मोनॉक्साइड खोल्यांपर्यंत पोहोचू शकतो. तिसरी गोष्ट म्हणजे, काड्या लाळेने चिकटवून केलेले एक इवलेसे घरटे भिंतीला लटकत होते.

ते चिमनी स्विफ्टचे, म्हणजे आपल्याकडील पाकोळीच्या कुळातील पक्ष्याचे होते. हा पक्षी फांदीवर बसू शकत नाही. उभ्या खडबडीत पृष्ठभागाला बिलगून राहतो. पूर्वी तो पोकळ वृक्षांत राहत असे, पुढे विटांच्या धुराड्यांत राहू लागला. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार वापरात असलेले घरटे हलविता येत नाही.

मुलगा त्रासला. “अण्णा, एका घरट्यासाठी काम ऑक्टोबरपर्यंत थांबवायचे?”

“घराचे कर्ज तीस वर्षांचे आहे ना? त्यात चार महिने कितीसे?” अण्णा म्हणाले.

धुराड्याचे काम थांबले, तरी बाहेरील भिंतीचे थांबण्याचे कारण नव्हते. मात्र रंगाचे डबे परत गेले. वीट ओलावा शोषते आणि सोडते. जाड रंगाचा थर तो कोंडून ठेवतो, मग पोपडे सुटतात. शिवाय विटेत मुरलेला रंग पुन्हा काढणे अतिशय कठीण असते. म्हणून प्रथम काजळी घासून काढली, सांध्यांतील निखळलेला मसाला नव्याने भरला आणि नंतर चुन्याच्या निवळीचे पातळ हात दिले. विटांचा पोत कायम राहिला आणि खोली उजळली.

यानंतर खर्चाचा हिशेब झाला. लाकूड जाळायचे, तर नवे अस्तर घालणे अपरिहार्य होते. हिवाळ्यात घर उबदार ठेवणारी यंत्रणा आधीच होती. उघड्या फायरप्लेसमध्ये तर खोलीतील बरीच ऊब धुराड्यातूनच निघून जाते. शेवटी लाकूड कायमचे वर्ज्य करून त्या जागी विजेचा हीटर बसवावा, असे ठरले. परवानाधारक वायरमनकडून त्याला स्वतंत्र जोडणी घेतली. अस्तराचा मोठा खर्च वाचला आणि धुराडे मोकळेच राहिले.

ऑक्टोबरमध्ये पक्षी दक्षिण अमेरिकेकडे निघून गेल्यावर धुराडे साफ करण्यात आले, खालची झडप घट्ट बंद केली आणि पावसाबर्फासाठी वर झाकण बसविले. मार्चअखेरीस ते झाकण काढून ठेवले.

यंदा मे महिन्यात सूनबाईंचा सांगलीला फोन आला. धुराड्यातून पंखांची फडफड ऐकू येत होती.

“खालची झडप बंद आहे ना?” अण्णांनी विचारले.

“बंद आहे, अण्णा.”

“मग राहू दे.”