पैलतीरीची जमीन आणि यंत्राची ने-आण

धरणाच्या फुगवट्यामुळे गाव एका तीरावर आणि शेत दुसऱ्या तीरावर, अशी स्थिती उजनी व कोयना जलाशयांच्या काठी आढळते. अशा जमिनीत काही वर्षे नांगर फिरला नाही की वेडी बाभूळ व घाणेरी माजते. ती मुळासकट काढावयाची तर ट्रॅक्टर किंवा जेसीबी हवा. रस्त्याचा फेरा लांबचा असल्यास यंत्र पाण्यावरून नेण्याचा विचार साहजिकच सुचतो. तो गैर नाही. मात्र दोन होड्या एकत्र बांधून किंवा रिकाम्या पिंपांवर फळ्या ठोकून यंत्र नेणे हा निव्वळ अविचार होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साधा हिशेब पाहावा. २०० लिटरचे बंद रिकामे पिंप स्वतःचे वजन वजा जाता सुमारे १८० किलो भार तोलते. मध्यम ट्रॅक्टर सुमारे २,००० किलोंचा. फळ्या, अवजार व माणसे मिळून आणखी ६०० किलो धरावे. हा भार १५ पिंपांवर जेमतेम तरेल. पण पिंपे जवळजवळ पूर्ण बुडतील व लहानशी लाटही फळ्यांवरून जाईल. जेसीबी तर सात-आठ टनांच्या घरात असतो. शिवाय भार पेलला म्हणजे तोल राहिला असे नव्हे. यंत्र चढताना सारे वजन एकाच टोकावर येते. ते टोक दबते, तराफा काठापासून सरकतो आणि यंत्र मधल्या पाण्यात कोसळते.

यास्तव वाहनांसाठीच बांधलेला, तपासणी व नोंदणी झालेला, भारक्षमता ठाऊक असलेला तराफा वापरावा. तो दोरखंडांनी काठाशी घट्ट बांधल्याखेरीज यंत्र चढवू नये. ट्रॉली वेगळ्या खेपेस न्यावी. यंत्र मध्यावर उभे करून चाकांना ओंडके लावावेत, उचललेले अवजार खाली टेकवावे व चालकाने खाली उतरावे. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे.

वाऱ्याचा विसर पडू देऊ नये. सफाईचे दिवस तेच वळवाचे दिवस असतात. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगाव व कळाशी यांच्या दरम्यान उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जण मृत्युमुखी पडले. त्या बोटीत यंत्र नव्हते, तरीही हे घडले. म्हणून खेप सकाळीच करावी. आभाळ भरून आल्यास काठ सोडू नये.

चांगल्या तराफ्याचे भाडे एकट्यास जड जाते, आणि तेथूनच जुगाडाची बुद्धी होते. यावर उपाय सहकार्याचा आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पैलतीरीच्या खातेदारांची यादी करून त्यांस एकत्र आणावे. यंत्र एकदाच न्यावे, सर्वांची जमीन साफ करावी आणि पावसापूर्वी ते परत आणावे. खर्च क्षेत्राच्या प्रमाणात वाटून घ्यावा. झुडपे थोडी असतील तेथे कुऱ्हाड व कुदळ पुरेशी आहेत.

शेतकरी बंधूंनो, जमीन आणखी एक वर्ष पडीक राहिली तरी पुढे पिकेल; पण पाण्यात गेलेला माणूस परत येत नाही.