संपादकीय : रजिस्टरातला अंगठा आणि कोराडीचा धूर

 

मोर्चासाठी नागपूरला गेलेल्या प्रत्येकाने कोराडीची धुराडी पाहिली आहेत. तो धूर कुठून निघतो, असं विचारलं तर पोरगंही सांगेल, कोळसा जळते तिथून. आमचं म्हणणं आहे की त्याची सुरुवात खूप आधी, ग्रामसभेच्या रजिस्टरात होते.

छत्तीसगडात रायगड जिल्ह्यातल्या तमनार तालुक्यात गारे पेलमा सेक्टर 2 ही कोळसा खाण आहे. 2015 मध्ये ती आपल्या महाराष्ट्राच्या महानिर्मिती कंपनीला मिळाली. कोळसा जाणार कोराडी, चंद्रपूर आणि परळीला. 14 गावं त्यात येतात, आपल्यासारख्याच आदिवासींची. सप्टेंबर 2019 मध्ये जनसुनावणी झाली. लोकांचा विरोध असताना 2022 मध्ये पर्यावरण मंजुरी निघाली. लोक हरित लवादात गेले. सुनावणी नीट झाली नाही, असं म्हणून लवादाने जानेवारी 2024 मध्ये मंजुरी रद्द केली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती परत दिली गेली. जून 2025 मध्ये पोलीस उभे करून मुडागावची झाडं पाडली. ग्रामसभेने संमती दिलीच नाही, असं तिथले लोक सांगून राहिले.

या खाणीतून वर्षाला 236 लाख टन कोळसा काढायचा बेत आहे. एक टन कोळसा जळला की साधारण दीड टन कार्बन वायू हवेत जातो. हिशेब तुम्हीच करा. वरून तो वायू ओढून घेणारं जंगलही गेलं. म्हणजे मार दोन्हीकडून.

मग सांगतात, बदल्यात झाडं लावू. आपल्या राज्यात 2016 ला 2 कोटी, मग 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी झाडांची मोहीम झाली. जगली किती, यावर एवढे प्रश्न उठले की 2021 मध्ये चौकशीसाठी आमदारांची समिती नेमावी लागली. समितीचं राहू द्या, आपल्या गावचं पाहा. खड्ड्याची मजुरी निघते, रोप येत नाही. आलं तर उन्हाळ्यात पाणी नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यावर नवं बिल. कागदावरचं झाड धूर पीत नाही, बाप्पा! मोहफूल कमी पडते, तेंदूच्या हंगामात ऊन सोसवत नाही, ते आपल्याला भोगावं लागते. बिल काढणारा सावलीत बसते.

एक कडू गोष्टही बोललीच पाहिजे. चोर दरवेळी बाहेरचाच असते असं नाही. कोऱ्या कागदावर सह्या गोळा करणारा कधी आपल्याच गावचा असते, आणि न वाचता अंगठा देणारे आपणच असतो. पाचशे रुपये नाहीतर एक जेवण, एवढ्यात जंगल गेलेलं आहे.

3 ऑगस्ट 2009 च्या केंद्राच्या परिपत्रकाने जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती सक्तीची केली. 2022 च्या नियमांनी उलटं केलं : केंद्राने मंजुरी आधी द्यायची, वनहक्काचं राज्याने मागून पाहायचं. आता वरून धाक उरला नाही, म्हणून खालचं रजिस्टर आणखी मोलाचं झालं.

तेव्हा प्रत्येक गावाने एवढं करावं :

ठरावाचं रजिस्टर गावातच ठेवा. ठराव मोठ्याने, आपल्या बोलीत वाचल्याशिवाय सही नाही. वनहक्क नियमाप्रमाणे निम्मे सभासद नसतील तर ती सभा होत नाही, आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेतच. सह्या झाल्या की खाली रेघ मारा, पानाचा फोटो काढा.

रोपवनाचं बिल माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. बिल हातात घेऊन सगळ्यांनी रोपवनात जा आणि झाडं मोजा. आकडा ग्रामसभेत वाचा, ठरावात लिहा. 2006 च्या कायद्याने जंगल राखायचा हक्क ग्रामसभेला दिला आहे, त्यामुळे मोजायला कोणाची परवानगी काहून मागायची?

कोराडीचं धुराडं आपल्याला एका दिवसात बंद करता येणार नाही. पण खोटा अंगठा आजपासून बंद करता येते. ते आपल्या हातात आहे, अक्षरशः हातात.

मावा नाटे, मावा राज!