कॉलेज बघायचं ते खाटा मोजून

परवा गोदीतनं रजा टाकून पन्हाळ्याला गावी गेलो. धाकटी बहीण बारावी सायन्स पास झालीय. नर्सिंगची सीईटी दिलीय. घरात शिरलो तर कॉटवर एक गृहस्थ बसलेला. इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत पुस्तक, पुस्तकावर काचेची इमारत. म्हणाला, ‘‘सीट पक्की. आज पंचवीस हजार आणि ओरिजिनल मार्कलिस्ट द्या. स्कॉलरशिपचं नंतर बघू.’’ आई माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘गळ्यातलं मोडू का रं?’’

दोस्तांनो, माझी आजी सुईण होती. अर्ध्या गावाच्या नाळा तिनं कापल्या. वार पुरली, रक्ताची धडुती धुतली. काम झालं की त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभी. पदरात पसाभर जोंधळं. हे काम घाण म्हणून आमच्या बायांच्या गळ्यात मारलं, तेव्हा त्याला कुणी फी लावली नव्हती. आता त्याच कामाला डिग्री आली, पगार आला, परदेशाची वाट आली. लगेच दारात तिकीटबारी उघडली. आणि तिकीट काढायचं कुणी? सुईणीच्या नातीनं.

संताप यायलाच पायजे. पण संतापानं फॉर्म भरत न्हाय. म्हणून या अंकात कविता कमी, हिशेब जास्त.

पहिलं सरकारी. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. मुंबईत जे. जे. रुग्णालयाची परिचर्या शिक्षण संस्था आहे, तशी सरकारी कॉलेजं पसंतीक्रमात वर टाका. खाजगी त्याखाली. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि परिचर्या परिषदेची मान्यता, दोन्ही आपल्या डोळ्यांनी बघा. फी एजंटच्या तोंडून ऐकू नका. शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजवार फी ठरवतं, ती वाचा.

दुसरं, प्रवेश घ्यायचा तो सरकारी कॅप फेरीतनंच. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणं अनुसूचित जातीच्या मुलांना पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पायजे. पण मॅनेजमेंट कोट्यातनं शिरलात की ती गेली. ‘सीट पक्की’ म्हणणारा हे सांगत न्हाय. पैसा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, म्हणून खातं आधारशी जोडून ठेवा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी हे सगळं निकालाची वाट न बघता काढा. शिष्यवृत्तीत खानावळ, बस, गणवेश सगळं बसत न्हाय, ते वेगळं विचारा. वसतिगृह मिळालं नाही तर २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे, तिचा अर्ज करा.

तिसरं सगळ्यात मोठं. इमारत बघू नका, खाटा मोजा. कॉलेजला स्वतःचं निदान १०० खाटांचं रुग्णालय असावं, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. तिथं पेशंट आहेत का, की नुसत्या चादरी अंथरल्यात, हे वॉर्डात चालत जाऊन बघा. रिकाम्या खाटेवर इंजेक्शन शिकता येत न्हाय. अशी स्वस्त डिग्रीसुद्धा महागच.

सीईटीत मार्क कमी पडले तर वर्ष जाळू नका. सरकारी रुग्णालयाच्या शाळेत तीन वर्षांचं जी.एन.एम. करा. पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की डिग्री हातात येते.

आणि कुणी याला खैरात म्हटलं तर मान खाली घालू नका. शाहू महाराजांनी १९०२ साली याच कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा मागासांसाठी ठेवल्या. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९४४ पासूनच्या शिष्यवृत्तीमागं बाबासाहेबांचा रेटा आहे. हे आजीच्या पसाभर जोंधळ्याचं थकलेलं येणं आहे.

आता आपल्याबद्दल. मोर्च्यात आपला आवाज मोठा. पण आपल्याच वस्तीतली पोरगी सायबर कॅफेत एकटी बसून पसंतीक्रम भरते, शेजारी एजंट. तेव्हा आपण कुठं असतो? मी मॅट्रिक. त्या रात्री मलाही निम्मं कळत नव्हतं. बहिणीनं वाचलं, मी वहीत उतरलं. एजंटला आईनं चहा पाजला आणि मार्कलिस्ट ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं.

यादी लागायची आहे. काय होईल ते होईल. पण या रविवारपासनं आपापल्या वस्तीच्या वाचनालयात टेबल टाका. ज्यानं एकदा फॉर्म भरलाय त्यानं एका पोरीसंगं बसा. घोषणा संध्याकाळी देऊ.