रात्रीचे बारा कोणते?

वाचकहो, परीक्षेचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे मुले-मुली येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला : "मुदत १४ तारखेच्या रात्री १२ पर्यंत आहे. म्हणजे आज रात्री की उद्या?" प्रश्न खुळा नाही. संगणकाच्या हिशेबात १४ तारखेचे '१२:०० एएम' म्हणजे १३ ची रात्र सरून १४ लागते तो क्षण. आपल्या बोलण्यात मात्र चौदाची रात्र म्हणजे चौदाच्या जेवणानंतरची. उजाडेपर्यंत आपण तारीख बदलत नाही. एका संस्थेच्या अर्जावर असेच छापले होते, आणि दोन मुलींचे अर्ज त्यापायी राहिले. वर्ष गेले ते गेलेच.

रेल्वेने चोवीस तासांचे घड्याळ लावून अर्धा घोळ मिटवला. अर्धाच, कारण तिकिटावर १४ तारीख आणि ००:१० अशी वेळ असेल, तर वरठीच्या भंडारा रोड स्टेशनला १३ च्या रात्रीच पोचावे लागते.

वेबसाइट बनवणाऱ्याला हे टाळता येते. ब्राउझरमध्ये 'इंटल' नावाची सोय आहे. तिला 'एमआर-आयएन' सांगितले की वेळेचे आकडे देवनागरीत येतात; हिंदीचे 'एचआय-आयएन' सांगितले तर इंग्रजीच येतात. युनिकोडच्या 'सीएलडीआर' या भांडारात मराठीसाठी पहाट, सकाळ, दुपार, रात्र हे शब्दही भरून ठेवले आहेत. पण मागितले तरच मिळतात, आणि मागतो कोण!

भाषा सांगितली म्हणजे प्रमाणवेळ सांगितली असे मात्र नव्हे. ती वेगळी सांगावी लागते, नाहीतर ज्याचा संगणक त्याची वेळ. नागपूरचा सायंकाळी ७ चा कार्यक्रम दुबईतल्या आपल्या मुलाला ५:३० चा दिसेल. कार्यक्रमाला ते सोयीचेच, पण अर्जाच्या मुदतीला भारतीय वेळ नाव घेऊन लिहिलीच पाहिजे. ही वेळ १९०६ पासूनची, ८२½ अंश रेखांशाची. संगणकात तिचे नाव 'एशिया/कोलकाता'. मुंबईचे नाव शोधू नये, सापडणार नाही.

मुदत लिहिणाऱ्या बाबूंना आमचे सांगणे एवढेच : बारा लिहूच नका, '१३ तारीख, रात्री ११:५९' लिहा. आणि पालकांनो, कागदावर '१२:०० एएम' दिसले की आदल्या दिवशी दुपारीच मुलांना अर्ज भरायला बसवा. संध्याकाळी वीज असेलच असे नाही.