विडंबन म्हणजे पोरखेळ?

१/ ‘मूळ मालिका थोर, तिच्यावरचा विनोदी चित्रपट म्हणजे पोरखेळ’ हा निवाडा जुन्या जपानी विज्ञानमालिकांविषयी सर्रास दिला जातो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ पाहिलेल्या आपल्याकडच्या पिढीच्या आठवणीही अशाच सोवळ्या.

२/ ‘रिटर्न ऑफ अल्ट्रामॅन’ ही मालिका १९७१-७२ची. १९८३ साली ओसाकातील ‘डायकॉन फिल्म’ या हौशी मंडळाने तेच नाव घेऊन आठ मिलिमीटर फिल्मवर तिचा नवा अवतार सादर केला. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. अक्राळविक्राळ राक्षस, कागदी प्रतिकृतींचे शहर, अण्वस्त्र वापरावे की नाही यावरची खडाजंगी. सारे विलक्षण गंभीर. मग अल्ट्रामॅन अवतरतो. मुखवटा नाही, डोळ्यांवर चष्मा, चेहरा खुद्द आन्नोचा! प्रेक्षक हसतो, पडद्यावर कोणीही हसत नाही.

३/ मूळ मालिकेची प्रत्येक लकब मुखोद्गत असल्याखेरीज अशी नक्कल साधते काय? अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये रविकिरण मंडळाची टर उडवली, तीही त्या कविता बारकाईने वाचूनच. त्या काळच्या काव्यरूढींचे ते आजही उत्तम साधन आहे. अतिशयोक्ती असते म्हणून बखर कोणी अभ्यासातून बाद करत नाही. मग विडंबनालाच हा न्याय का?

४/ ‘शिन अल्ट्रामॅन’ची (२०२२) पटकथा आन्नोचीच, हे खरे. परंतु तो नामवंत झाला नसता तरीही, दूरचित्रवाणीसमोर वाढलेली मुले त्या मालिकेत नेमके काय पाहत होती याचा एवढा बोलका पुरावा प्रेक्षकसंख्येच्या कोणत्याही तक्त्यात सापडला नसता.