रचना कळली, मेदाचे काय?
संगणकावर प्रथिनांची रचना वर्तवणाऱ्या संशोधकांना २०२४चे नोबेल मिळाले आणि नव्या औषधांच्या आशा वाढल्या. पण प्रथिन एकटे काम करत नाही. पोटॅशियमला वाट करून देणारी काही ‘आयन वाहिनी’ प्रथिने जिवाणूंत आणि माणसात मिळत्याजुळत्या घडणीची आहेत. तरीही पेशीच्या आवरणातील ‘पिप-२’ हा मेद माणसातील वाहिनी उघडतो, तर प्रयोगात जिवाणूची वाहिनी बंद करतो. अँडरसन-टविल या आनुवंशिक आजारात अनेकदा प्रथिनाची या मेदावरील पकड सैल होते. स्नायू अधूनमधून लुळे पडतात, हृदयाची लय बिघडते. त्यामुळे जिवाणूच्या प्रथिनावर लागू पडलेले औषध माणसालाही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. चाचणीत मेदही हवा.