राष्ट्रपती चांगल्या होत्या की नव्हत्या?



यावेळी सावनेरहून आलेल्या एका पत्राने माझा अख्खा रविवार खाल्ला. पत्र लिहिणारी मैत्रीण नववीत आहे. तिच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे आणि तिने विषय निवडलाय प्रतिभाताई पाटील, महाराष्ट्रातून राष्ट्रपतिपदावर गेलेली पहिली व्यक्ती. माहिती जमवायला ती घरातच विचारत फिरली, आणि जेवणाच्या पाटावर जुंपली. आजीचं माहेर अमरावतीचं. ती म्हणाली, "आमच्या अमरावतीच्या सूनबाई त्या! बाईमाणूस देशाच्या खुर्चीवर बसली, अजून काय पाहिजे बापा?" बाबा म्हणाले, "पाच वर्षं परदेशाच्या वाऱ्या केल्या, दुसरं काय?" काकांनी दोघांनाही उडवून लावलं, "राष्ट्रपतीच्या हातात असतंच काय? नुसता शिक्का!" मैत्रीण विचारते, "तिघंही खोटं बोलत नाहीत. मग मी भाषणात काय सांगू?"

प्रश्न भारी आहे. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेलेही नव्हते, म्हणून आधी थोडी हकिगत.

प्रतिभाताई जळगाव जिल्ह्यातल्या. कॉलेजात टेबल टेनिस गाजवलेल्या. १९६२ साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, आमदार झाल्या. लग्न होऊन अमरावतीच्या झाल्या आणि १९९१ मध्ये तिथूनच लोकसभेवर गेल्या. २००४ पासून राजस्थानच्या राज्यपाल. २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांच्यासमोर होते भैरोंसिंह शेखावत. ही निवडणूक आपण मतदान केंद्रावर जाऊन करत नाही, खासदार आणि आमदार करतात, आणि प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं. ताईंना ६,३८,११६ मूल्याची मतं मिळाली, शेखावतांना ३,३१,३०६. गंमत म्हणजे शिवसेना तेव्हा भाजपच्या आघाडीत होती, पण मराठी उमेदवार म्हणून तिने ताईंना पाठिंबा दिला. म्हणजे 'आपलं माणूस' ही तुमच्या आजीचीच भाषा पक्षसुद्धा बोलतात बरं का!

त्या खुर्चीवर बसण्याआधीच लोकांचे दोन तट पडले होते. एक तर त्यांच्या आधी होते डॉ. अब्दुल कलाम. मुलांना इतका लाडका राष्ट्रपती दुसरा झाला नसेल, त्यामुळे मागून येणाऱ्या कुणाचीही पंचाईतच होती. त्यातच ताई एका भाषणात म्हणाल्या की, पडदा पद्धत मुघल आक्रमकांपासून बचाव म्हणून आली. इतिहासकारांनी हरकत घेतली. त्यांच्या नावाच्या जळगावच्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला होता, तेही प्रकरण विरोधकांनी उकरून काढलं. दुसरीकडे देशभरातल्या कितीतरी बायकांना, त्या कुठल्या पक्षाच्या याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. स्त्रीला 'राष्ट्रपती' म्हणायचं की आणखी काही, यावरसुद्धा वाद झडला! शेवटी शब्द तोच राहिला. पद पदाच्या जागी, व्यक्ती व्यक्तीच्या जागी. मला विचाराल तर हे बरंच झालं.

आता तुमच्या घरच्या भांडणाकडे वळू. तुमच्या भागात संत्र्याचा माल निवडताना पाहिलाय ना? मोठं फळ इकडे, लहान तिकडे, डागी बाजूला. सगळं एकाच टोपलीत ठेवलं तर भाव ठरत नाही. राष्ट्रपतींबद्दलची मतंही तशीच निवडून घ्यावी लागतात. त्यांनी स्वतः काय केलं, आणि सरकारच्या सांगण्यावरून त्यांच्या सहीने काय झालं, हे दोन ढीग वेगळे हवेत.

स्वतः केलेल्या गोष्टींतली एक म्हणजे पुण्याचं घर. निवृत्तीनंतर राहण्यासाठी खडकीला लष्कराच्या जमिनीवर त्यांच्यासाठी मोठं घर बांधलं जाणार होतं. माजी सैनिकांनी आवाज उठवला. एप्रिल २०१२ मध्ये ताईंनी जाहीर केलं की ते घर नको. विरोधक म्हणाले, ओरड झाली म्हणून सोडलं. समर्थक म्हणाले, सोडलं हे काय कमी आहे? माझं मत विचाराल, तर इतकी जागा घ्यायला आधीच नको म्हणायला हवं होतं. पण पदावर असताना लोकांचं ऐकून मागे येणारी माणसंही आपल्याकडे फार नाहीत.

नोव्हेंबर २००९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी, वैमानिकाचा पोशाख चढवून, त्या पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून सुखोई लढाऊ विमानात बसून आकाशात गेल्या. त्याआधी २००६ मध्ये कलामांनीही असं उड्डाण केलं होतं. कलामांचं कौतुक झालं, ताईंचंही झालं, पण "ह्या वयात काय हौस!" ही कुजबुज मी ताईंच्याच बाबतीत ऐकली. असं का, याचा विचार तुम्हीच करा.

बाबांच्या 'वाऱ्या' मात्र दोन्ही ढिगांत थोड्या थोड्या पडतात. माहितीच्या अधिकारात २०१२ मध्ये बाहेर आलेला आकडा होता सुमारे २०५ कोटी रुपये : बारा दौरे, बावीस देश. राष्ट्रपती भवनाचं म्हणणं, दौरे परराष्ट्र मंत्रालयाच्या सल्ल्याने होतात. ते खरंच आहे, राष्ट्रपती उठून मनाला येईल त्या देशात जात नाहीत. पण सोबत घरातलं कोण न्यायचं, हे काही मंत्रालय सांगत नाही. तेव्हा बाबांचा राग निराधार नाही, फक्त त्यातला अर्धा सरकारच्या पत्त्यावर जायला हवा.

राहता राहिले काका आणि त्यांचा शिक्का. इथे जरा सावकाश वाचा.

राज्यघटनेच्या ७४ व्या कलमानुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. सल्ला पटला नाही तर एकदा परत पाठवता येतो, ही सोय १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आली. तोच सल्ला पुन्हा आला की सही करावीच लागते. आणि ही दुरुस्ती आली कशामुळे, ठाऊक आहे? २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी पंतप्रधानांच्या सांगण्यावरून आणीबाणीच्या कागदावर सही केली. मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी! म्हणून त्याच दुरुस्तीत घालून ठेवलं की, आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. एका शिक्क्याने देशाचं एवढं झालं होतं.

लाडक्या कलामांनाही हे चुकलं नाही. मे २००५ मध्ये ते मॉस्कोत होते. बिहारची विधानसभा बरखास्त करण्याचा कागद रात्री तिथे पोचला आणि त्यांनी सही केली. सुप्रीम कोर्टाने नंतर ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी 'लाभाच्या पदा'चं विधेयक मात्र त्यांनी संसदेकडे परत पाठवलं. संसदेने पुन्हा मंजूर केल्यावर सही केली. माणूस तोच, घटना तीच, एकदा कागद परत गेला आणि एकदा नाही.

पण शिक्क्याजवळ आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही : वेळ. सल्ला मिळाल्यावर किती दिवसांत सही करायची, हे घटनेत लिहिलेलंच नाही. झैलसिंग यांनी १९८६ चं टपाल खात्याचं विधेयक ना सही केलं, ना परत पाठवलं, ठेवून दिलं ते ठेवूनच दिलं. ते लोकांची खासगी पत्रं उघडायची मुभा सरकारला देणारं विधेयक होतं, म्हणून पुष्कळांना बरंच वाटलं. पण हाच उशीर दयेच्या अर्जावर झाला तर?

फाशीची शिक्षा झालेला माणूस राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करतो. निर्णय गृहखात्याच्या सल्ल्यानेच होतो, पण फाईल टेबलावर किती पडून राहणार हे बरंचसं राष्ट्रपती भवनावर असतं. कलामांनी पाच वर्षांत दोनच अर्ज निकाली काढले, एक फेटाळला, एक मान्य केला. बाकीचे पडून राहिले. प्रतिभाताईंनी साठलेल्या फायली उपसल्या. तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, मोजके अर्ज फेटाळले. झालं, पुन्हा दोन तट! क्रूर गुन्हे केलेल्यांना दया कशाला, असं विचारणाऱ्यांत त्या गुन्ह्यांमध्ये घरचं माणूस गमावलेले लोक होते, त्यांचा प्रश्न हलका नव्हे. फाशीच नको म्हणणाऱ्यांनी ताईंना धन्यवाद दिले. त्यांच्यानंतरच्या प्रणव मुखर्जींनी तीसच्या आसपास अर्ज फेटाळले, तेव्हा टाळ्या वाजवणारे आणि नाराज होणारे बरोब्बर उलटे झाले.

माझं म्हणाल, तर दया बरोबर की चूक यावर तुमच्या घरी भांडण होऊ द्या. पण ताईंनी फायली पडू दिल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने मोजतो. जानेवारी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की, दयेच्या अर्जावर विनाकारण फार उशीर झाला, तर तेवढ्यानेही फाशी रद्द होऊ शकते. कोठडीत रोज सकाळी 'आज निरोप येईल का' म्हणून वाट पाहणं, हीसुद्धा शिक्षाच की!

आणि ही गोष्ट दिल्लीपुरती नाही. ३० जुलै २०१५ ला याकूब मेमनला फाशी झाली ती नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात, तुमच्या सावनेरहून तासाभराच्या वाटेवर. आदल्या दिवशी राष्ट्रपती मुखर्जींनी त्याचा शेवटचा अर्ज फेटाळला होता, आणि सुप्रीम कोर्ट मध्यरात्रीनंतर उघडून सुनावणी झाली होती. त्याच दिवशी रामेश्वरमला कलामांवर अंत्यसंस्कार झाले. फाशीची शिक्षा रद्द व्हावी, असं मत त्यांनी त्याच वर्षी विधी आयोगाला कळवलं होतं. राष्ट्रपती असताना ज्यांनी एकच अर्ज फेटाळला आणि बाकीचे पडू दिले, त्यांचं हे मत. आता सांगा, ते दिरंगाई करत होते की शिक्क्याचा आपल्या परीने उपयोग करत होते?

भाषण पाच मिनिटांचं असेल, तर आजीचं वाक्य सुरुवातीला घे, ते लोकांना आवडेल. बाबांचा २०५ कोटींचा आकडा लपवू नकोस. आणि काकांना पहिल्या रांगेत बसव.